पालथं तपेलं

पुणे,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. तनया हिस आईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे, तूही बरी असशील. शालनमावशीकडे चार वर्षं राहून आता हडपसरचीच झाली असशील. आम्हा पेठेतल्यांच्या मते तो वेगळा जिल्हा आहे. इथे व्यसनमुक्ती केंद्रात मोबाइल काढून घेतात, म्हणून हे पत्र. पोहे इतके कोरडे असतात की चहात बुडवावेसे वाटतात. पण आज त्रेसष्ट दिवस झाले, हात थरथरत नाही.

इथे कौशल्याताई म्हणून समुपदेशक आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "शर्मिलाताई, तुमच्या डाव्या कानाला काय झालं?" मी नेहमीचं उत्तर दिलं, लहानपणी ताप आला होता. तुलाही तेच सांगत आले. त्या "बरं" म्हणाल्या आणि गप्प बसल्या. वीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी, ही युक्ती माझीच आहे. तरी फसले.

ताप नव्हता गं.

तुझे आजोबा कसब्यात तांब्याची भांडी घडवायचे. ठोके चालू असेपर्यंत मला भीती वाटायची नाही, कारण तोवर त्यांचे हात कामात असायचे. दुपारी हातोडी थांबली की ते प्यायला बसायचे आणि मी लपायला जागा शोधायचे. आठ वर्षांची होते. एकदा लग्नाच्या स्वयंपाकाचं मोठं तपेलं दुरुस्तीला आलं होतं. पालथं, एक कड विटेवर टेकलेली. मी त्याखाली शिरले. त्यांनी पाहिलं, पण बाहेर काढलं नाही. वीट काढून घेतली आणि वरून हातोडी मारत राहिले. हसत होते. आई आत भाकऱ्या थापत होती. शेजाऱ्यांना वाटलं, काम चालू आहे.

तेव्हापासून तो आवाज कानात आहे. मी प्यायले की थांबायचा. हे कारण आहे, सबब नाही. हा फरक कौशल्याताईंनी माझ्याकडून घोकून घेतलाय.

आता जे लिहायचं टाळत होते ते. तू दहावीत असताना माझ्या बाटल्या ओतून टाकल्यास आणि बाथरूमला कडी लावून आत बसलीस. मी लाटणं घेऊन दार बडवत राहिले. तू आतून "आई, बास ना" म्हणत होतीस. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, मला काही आठवत नाही. महिन्याभरात तू मावशीकडे गेलीस.

मला सगळं आठवतं, तनू. मी हसत होते. त्यांच्यासारखीच.

परवा हे इथे सगळ्यांसमोर सांगितलं आणि खूप रडले. त्या आठ वर्षांच्या मुलीची दया मला पहिल्यांदाच आली. पण तुझ्या आठवणीने जे झालं, त्याला दया म्हणता येणार नाही. शरम वाटली. अजून वाटते.

कानातला आवाज राहणारच, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्यासकट झोपायला शिकतेय.

शनिवारी मला सोडतील. अकराच्या सुमारास मावशीच्या इमारतीखाली येईन आणि जिन्याजवळच्या बाकावर एक वाजेपर्यंत बसेन. वाटलं तर खाली ये. नाही वाटलं तर वरच थांब, मी बसने घरी जाईन. तुला आग्रह करू नये, असं मावशीलाही लिहिलंय.

मी वर येणार नाही. दार वाजवणार नाही.

तुझी,
आई