बाबांच्या जागेवरून गेलेली लाल वाट

प्रिय सिदोनीताई,

खट्-खट्, खट्-खट्, खट्-खट्. आज पहाटे मला जाग आली ती या आवाजाने. शाळा सुटल्यावर चाळीस पोरांचे लाकडी बूट दगडी पायऱ्यांवरून एकदम खाली यायचे ना, तोच आवाज. पासष्ट वर्षांपूर्वीचा. डोळे मिटूनच मी पडून राहिलो, आणि मोठ्या बाईंनी पाठ करून घेतलेली ती पानगळीची कविता आपोआप ओठांवर आली, पहिली तीन कडवी तर न अडखळता. (तो आवाज पन्हळीच्या सैल पत्र्याचा होता हे मला न्याहारीनंतर कळलं. पण तोवर डोळे भरून आले होते आणि तुला पत्र लिहायचं ठरूनही गेलं होतं.)

तर धाकट्याचा नमस्कार घे. वाकून केलाय; पाठ जितकं वाकू देते तितकं वाकून. तुझा खोकला कसा आहे? वरच्या मजल्यावरचा तो कर्णा वाजवणारा माणूस दीजों सोडून गेला की अजून तुझ्या डोक्यावरच आहे? भाच्यांना आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम आहे. रविवारी मला रानातून स्ट्रेचरवर घालून आणलं, ही बातमी तुला कुणी ना कुणी तिखटमीठ लावून सांगेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो की मला काहीही झालेलं नव्हतं आणि नाही. उलट गेल्या आठ महिन्यांत इतका हलका मी कधीच नव्हतो. का, ते सांगतो. पण ते सांगायला फेब्रुवारीपासून सुरुवात करावी लागेल, तेव्हा चहा ठेव.

आमच्या सरपंचबाई तुला ठाऊक आहेत. मादाम देल्कोर. बाई कामाच्या, मनाच्या चांगल्या, पण समुद्राकाठच्या. मोर्वांच्या रानात राहून त्यांना आठच वर्षं झालीत. त्यांनी ठरवलं की गावाभोवतीच्या रानातून डोंगरी सायकलींसाठी बत्तीस किलोमीटरची वाट काढायची, दरवर्षी ऑक्टोबरात मोठी फेरी ठेवायची, म्हणजे गाव जागं होईल. (गाव झोपलेलं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, ते डोळे मिटून विचार करत होतं.) सभागृहात बैठक बसली. टेबलावर पलंगपोसाएवढा नकाशा. सरपंचबाईंनी ओढ्याच्या काठाने पेन्सिल नेली मात्र, म्हातारी ओदील उठलीच. "तिकडून नको हं बाई! दलदल आहे तिथं. माझी अख्खी गाय गेली." (ओदीलने जन्मात गाय पाळलेली नाही. शेळ्या होत्या, आणि त्या सगळ्या म्हाताऱ्या होऊन मेल्या.) बाईंनी तिथे फुली मारली. मग बेकरीवाला ब्लेझ म्हणाला, जुन्या खाणीजवळ गांधीलमाश्या आहेत, अंगठ्याएवढ्या. फुली. मग फिर्मां, आपला निवृत्त पोस्टमन, घसा साफ करून म्हणाला, "घोड्याच्या पाणवठ्याखाली जमीन खचते. मी स्वतः खचलोय, टपालासकट." फुली. अर्ध्या तासात नकाशाची अशी अवस्था झाली की सायकलींना जायला चर्चपासून स्मशानापर्यंतचा डांबरी रस्ता तेवढा उरला.

तू हसते आहेस, कारण तू इथली आहेस. दलदल काय, माश्या काय, एकेक फुली म्हणजे एकेकाची अळंब्यांची जागा! बापाने मरताना कानात सांगितलेली, बायकोलाही न दाखवलेली, तपकिरी टोपीच्या सेप अळंब्यांची जागा. आणि जो तो दुसऱ्याची फुली डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहून पाठ करत होता, परीक्षेच्या आदल्या दिवशी करावी तशी.  मी मनात म्हटलं, काय ही माणसं! जो "इथून नको" म्हणाला त्याने आपली जागा सांगूनच टाकली की. बाबांनी मला दाखवलेल्या जागेबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. छताकडे पाहत बसलो आणि मनातल्या मनात पानगळीची कविता म्हटली. चौथ्या कडव्याला सरपंचबाईंचा आवाज आला, "म्हणजे आता हा बीचच्या झाडांचा उतार तेवढा राहिला. मुस्यू एमिलियां, तुमची काही हरकत?"

ताई, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. दलदल ओदीलने घेतली होती, माश्या ब्लेझने, खचणं फिर्मांने. मला आयत्या वेळी काही सुचेना. (बाबांना सुचलं असतं. बाबांनी एकदा जंगलखात्याच्या साहेबाला तिथे लांडगा पाहिल्याचं सांगितलं होतं, शपथेवर.) माझ्या तोंडून निघालं, "नाही." आणि बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "बघा! सगळे असे असते तर!" मग लाल पेन्सिल सर्रकन बाबांच्या जागेवरून. कितव्या किलोमीटरला ते मी इथे लिहिलं होतं, पण खोडलंय. कागद उजेडासमोर धरू नकोस, पाठीमागूनही खोडलंय. बहीण झालीस म्हणून काय झालं.

सहकार्याचं बक्षीस म्हणून वाटेच्या पाट्या ठोकायचा मान मला मिळाला. पिवळी पाटी, त्यावर त्रिकोण आणि दोन गोल, खाली लाल आकडा. लाल म्हणजे अवघड वाट. (काळ्या रंगाचीही असते. ती खांदे मोडून घ्यायची हौस असणाऱ्यांसाठी.) मी झाडांना खिळे मारत नाही, पट्ट्याने बांधतो, पण त्या एका बीचला पाटी बांधताना वाटलं की पट्टा माझ्याच गळ्याभोवती आवळतोय. उन्हाळाभर मी देवाजवळ दुष्काळ मागितला. सप्टेंबरात काय पाऊस झाला! मग आठ दिवस कोवळं ऊन. फेरीच्या आदल्या दुपारी मी गुपचूप जाऊन पाहिलं: एकेचाळीस. ताई, एकेचाळीस! शेवाळातून नुकत्याच डोकी काढलेल्या, पावाच्या कवचासारख्या रंगाच्या. आणि वाट त्यांच्यापासून हातभर. तू म्हणशील, सगळ्या खुडून का नाही आणल्यास? रानात त्या दिवशी तीस स्वयंसेवक हिंडत होते. टोपली घेऊन बाहेर पडणं म्हणजे चर्चची घंटा बडवण्यासारखंच. नेच्याची पानं पसरली, तर वारा सुटला. शेवटी मी एकच उपाय योजला. रविवारी सकाळी सात वाजता पिवळं चमकतं जाकीट घालून वळणावरचा स्वयंसेवक म्हणून तिथे गेलो, माझा लांब कोट अळंब्यांवर अंथरला, आणि कडेच्या जागेत, अळंब्या चुकवून, कोटाची कड मांडीखाली दाबून शेवाळावरच बसलो. (एक चुकली नाही. तिच्याबद्दल पुढे.)

तीनशे बारा सायकली आल्या. पहिल्या शंभर तर बंदुकीच्या गोळ्यांसारख्या; चिखलाचा फवारा माझ्या तोंडावर, आणि गेल्याच. एकाचीही नजर जमिनीवर नाही! मला इतका आनंद झाला की मी कविता मोठ्याने म्हणू लागलो. तिथेच चुकलं. नेव्हेर शहरातला एक जाडगेला गृहस्थ सायकल ढकलत चढत होता, तो थांबला.

"आजोबा, पडलात का?"

"नाही रे बाळा, बसलोय."

"चिखलात?"

"कविता म्हणतोय."

त्याने मागच्या दोघांकडे असं पाहिलं की मी काय ते समजलो. आज वार कोणता, असं मला विचारलं. मी म्हटलं, रविवार, आणि तुमची साखळी सैल आहे. मग म्हणे उठून दाखवा. उठू कसा? उठलो तर कोट हलणार! मी म्हटलं, उठता येत नाही. झालं. फोन गेले. वीस मिनिटांत आमचे बंबवाले (आग असो नसो, माणूस उचलायला तेच) स्ट्रेचर घेऊन हजर, आणि त्यांना वाट दाखवायला, पायवाट न् पायवाट माहीत असलेला म्हणून, फिर्मां! गावातल्या साऱ्या माणसांत नेमका फिर्मां.

त्याने माझ्याकडे पाहिलं. कोटाकडे पाहिलं. कोटाच्या एका कडेखालून एक टोपी डोकावत होती, तिच्याकडे पाहिलं. ताई, बाबांचं नाव, माझी लाज, सगळं त्या क्षणी त्याच्या हातात होतं. बंबवाल्यांचा पोरगेला नायक वाकून माझी नाडी धरत होता. आणि फिर्मां गरजला, "हलू नकोस गाढवा! कंबर असेल, कंबर!" मग स्वतःचा जुना टपालाचा रेनकोट काढून त्याने तो त्या टोपीवर असा टाकला, जसा काही थंडीने कुडकुडणाऱ्या लेकरावर. नायकाला म्हणाला, "याला नुसता उचला. कोट राहू दे, ओला आहे, वजन वाढेल. मी आणतो मागाहून." म्हणजे मला उचललं आणि कोट तिथेच राहिले, दोन. मी कण्हलो. (कण्हणं मला चांगलं जमलं. शाळेत मरणाऱ्या सैनिकाची भूमिका माझीच असायची, आठवतं?)

मला खाण्यापिण्याच्या तंबूपर्यंत नेलं. तिथे सरपंचबाईंनी माझा हात हातात घेतला आणि डोळे पुसले, डॉक्टरने चार ठिकाणी टोचून पाहिलं, ओदीलने सॉसेज आणि वाइन दिली. सगळा वेळ मी पाठीवर पडून, कारण जी एक अळंबी चुकली नव्हती ती पँटच्या मागच्या बाजूला चिकटलेली होती. तासाभराने फिर्मां आला, दोन्ही कोट खांद्यावर. शेवटची सायकल गेल्यावर उचलले म्हणाला. मी कुजबुजलो, "आता तुला कळलं."

"आता? पंचेचाळीस वर्षं झाली. तुझ्या बापाचं रजिस्टर टपाल असलं की तो घरी कधी सापडायचा? सही घ्यायला मी तिथंच जायचो."

"आणि कधी उचलल्या नाहीस?"

"एकही नाही." त्याने माझ्या ताटातलं सॉसेज उचललं. "म्हणजे दोनदा. पण तू तेव्हा दवाखान्यात होतास. सडून गेल्या असत्या."

मला इतकं हसू आलं की डॉक्टर परत धावत आला.

सोमवारी पहाटे आम्ही दोघं गेलो. चाळीस! सायकलींच्या चाकांचे माग त्यांच्यापासून वीतभर अंतरावरून गेलेले, एकीचीही टोपी तिरकी झालेली नाही. तीनशे बारा माणसं सोन्याजवळून गेली आणि चिखल घेऊन घरी गेली. मोठ्या काढल्या, पिल्लं ठेवली. लसूण, अजमोदा, लोणी. आमलेट फिर्मांने केलं, कारण मी टोप्या पुन्हा पुन्हा मोजत बसलो होतो. बाबांची जागा शाबूत आहे, ताई. रात्री झोप लागते. मला याहून जास्त काही नको.

तुझा
एमिलियां

ता. क. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. भाओजींना दाखवू नकोस. त्यांना नकाशे वाचता येतात.

ता. क. २. म्हणजे, एक थोडंसं हवं आहे. फेरी गाजली म्हणून सरपंचबाईंनी पुढच्या वर्षीची वाट पूर्वेकडच्या डोंगरावरून न्यायचं ठरवलंय. कालच्या पेपरात छापूनही आलं, आखणार मीच, हेही. आता, बाबांनी तुलाही एक जागा दिली होती हे मला माहीत आहे. कुठे ते माहीत नाही, आणि चाळीस वर्षांत मी कधी विचारलेलं नाही (१९९१ सोडून). पण पूर्वेला असली तर? माझ्याच हातून तुझ्यावरून वाट गेली तर? जागा सांगू नकोस, मुळीच नको. वाट कुठून नेऊ नये एवढंच सांग. नकाशा सोबत जोडलाय. एक बारीकशी फुली पुरे.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दार वाजलं. पोस्टाची वेळ नाही, आणि फिर्मां दार वाजवत नाही. पडदा सरकवून पाहिलं. ताई, तू आहेस! न कळवता, दीजोंहून! काखेत कालचा पेपर आहे, हातातल्या टोपलीवर फडकं घट्ट बांधलंय, आणि बुटांना घोट्यापर्यंत ओला लाल चिखल आहे. असा लाल चिखल आपल्याकडे फक्त पूर्वेच्या डोंगरावर…