शिक्क्यामागचं औषध

२८ ऑगस्ट १९६१, घाटंजी

आला एकदाचा खोका! मुदतीच्या तापाच्या, म्हणजे टायफॉइडच्या कॅप्सुली, आपल्याच मुंबईच्या कारखान्यात झालेल्या. डॉक्टर पांढरीपांडे स्वतः दवाखान्याच्या पायरीपर्यंत आले. म्हणाले, "कौसल्या, यंदाचा भादवा तरी सुखाचा जाईल." मी इथे नर्स म्हणून आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

३० ऑगस्ट

जिल्ह्याहून तार. कॅप्सुली वाटू नका, खोक्यावर शिक्का मारा, पुढच्या हुकमापर्यंत थांबा.

काहून? डॉक्टरांनी सांगितलं ते असं – हे औषध करायची रीत एका परदेशी कंपनीच्या नावावर नोंदलेली आहे. पेटंट म्हणतात. आपल्या कारखान्यानं परवानगी न घेता केलं, म्हणून कंपनी कोर्टात गेली. निकाल लागेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

"मग कंपनीच्याच मागवा ना!"

"त्या जहाजानं येतात. आयातीचा परवाना अडलाय – सरकारकडे परकीय चलन नाही."

म्हणजे तेही नाही, हेही नाही! चिडून बोलले मी. ते शांतपणे म्हणाले, "यंत्रं, लशी, सगळं आपण बाहेरून घेतो. आपणच करार मोडले तर उद्या कोण देईल?" तेही खरंच असेल. शिक्क्यासाठी लाख मीच वितळवली.

२ सप्टेंबर

तांड्यावरची जमनी बैलगाडीतून आणली. अंगावर पिणारं लेकरू. ताप उतरतच नाही, पोट फुगलंय. सोबत तिची आई मानीबाई आणि नवरा पूनमसिंग. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

३ सप्टेंबर

मानीबाईला कोणीतरी खोक्याचं सांगितलं. माझ्यापुढे येऊन उभी राहिली –

"बाई, औषध नाही तं नाही म्हण. हाय, पन देत नाही, हे कोनतं बोलनं?"

कोर्ट, पेटंट, परवाना... तिला काय सांगू? "वरून हुकूम नाही, मावशी," एवढंच म्हटलं. लाज वाटली.

दुपारी डॉक्टरांना विनवलं. म्हणाले, "सरकारी शिक्का आहे, कौसल्या. माझी नोकरी जाईल, दवाखाना बंद पडेल. मग बाकीच्यांचं काय?"

४ सप्टेंबर

पूनमसिंग यवतमाळला जाऊन आला. दुकानात त्या परदेशी कॅप्सुली अगदी थोड्या उरल्या होत्या, तेवढ्या आणल्या. बायकोचे चांदीचे दागिने विकले म्हणे. जमनीला दिल्या.

७ सप्टेंबर

ताप उतरला! जमनीनं पेज मागितली. लेकराला पाहून हसली. पण कॅप्सुली संपल्या.

१० सप्टेंबर

पुन्हा ताप. यवतमाळात औषध नाही. जिल्ह्याला तार केली. उत्तर – "थांबा."

१२ सप्टेंबर

आतड्यातून रक्त. पहाटे गेली. मी हात धरून बसले होते, दुसरं काय करणार?

गाडी जुंपली तेव्हा मानीबाई परत आत आली. वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तर म्हणाली, "आता तरी दाव मले. कसं असते थे औषध?"

कपाट उघडलं. शिक्क्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, "एवढुसं खोकं!" आणि गेली.

१३ सप्टेंबर

काही लिहवत नाही.

२४ सप्टेंबर

चार दिवस अंगात ताप होता, लपवला. आज दवाखान्यातच कोसळले. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं – मुदतीचाच ताप. कपाटाकडे गेले आणि लाखेचा शिक्का फोडला!

"कोर्टाचं मी पाहून घेईन," म्हणाले.

पाहून घेता येत होतं तर!

कॅप्सूल माझ्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला. मी मुकाट गिळली.