पराभवाच्या बैठकीचा कोरम

तीर्थस्वरूप भाऊजींच्या सेवेशी, तुमच्या धाकट्या आणि सध्या सगळ्याच अर्थांनी पडलेल्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. ताईचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना तिने कठडा धरावा असं मी सांगितल्याचं कळवा (मी सांगितलं म्हटल्यावर ती मुद्दाम धरणार नाही, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं असं कळवा). तुमची साखरही सांभाळा. निकाल लागल्यापासून रोज कुणी ना कुणी तुमचं तोंड गोड करायला येत असणार, आणि विजयी पक्षाच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं असं ऐकून आहे. मला तसा अनुभव नाही.

तुमच्या सत्काराला मी आलो नाही याचा तुम्हाला राग आला असेल. ताप आल्याचा निरोप मी धाडला होता. ताप नव्हता. पण जे होतं ते निरोप्याच्या तोंडी धाडण्यासारखं नव्हतं, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय. पत्र शिंपीकाकांच्या हाती देतोय, ते उद्या तुमच्या गावी लेकीकडे निघालेत. टपालावर माझा सध्या विश्वास राहिलेला नाही. ते फार ठिकाणी पोचतं.

मतमोजणीच्या दिवशी आमच्या कार्यालयात (म्हणजे शिंपीकाकांच्या दुकानावरच्या त्याच दोन खोल्या, तुम्ही सोडून गेलात तेव्हा होता तोच पंखा अजून आहे) सकाळी बेचाळीस माणसं होती. मी कार्यालय चिटणीस, त्यामुळे डोकी मोजायची सवय. दहा वाजता देशभरात आम्ही एका जागेवर पुढे होतो, तेव्हा तीस उरली. त्या एका जागेवरही मागे पडलो तेव्हा अकरा. दुपारी आमचे अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, फोनला रेंज येत नाही म्हणून गॅलरीत गेले, तिथून जिन्यात गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात तुमच्या नेत्यांच्या शेजारी हसताना दिसले. रेंज चांगली आली असावी. तीन वाजता टीव्हीसमोर मी एकटा होतो आणि रिमोटही सापडत नव्हता, म्हणून तुमच्या पक्षाचा सगळा जल्लोष मला शेवटपर्यंत बघावा लागला. पुढचे आठ दिवस लोक आमचं सामान परत करत होते. समोर यायची लाज, म्हणून पिशव्या दाराच्या कडीला अडकवून जायचे. बिल्ले, पताका, टोप्या. एकाने तर टोपी धुऊन, इस्त्री करून परत केली. ती बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण पक्षात असताना त्याने ती एकदाही धुतली नव्हती.

तर आमच्या घटनेप्रमाणे पराभवानंतर पंधरा दिवसांत कार्यकारिणीची बैठक घेऊन कारणमीमांसा करावी लागते. आता कारणमीमांसा करायला कारणंच तेवढी उरली होती, माणसं नव्हती. पण मी एकतीस वर्षांत नियम मोडलेला नाही. नोटिसा काढायला बसलो, तर सभासदांची नवी वही कपाटात नव्हती. ती डॉक्टर घेऊन गेले होते (तुमच्याकडे अचानक एवढे सभासद कुठून आले, असं तुम्हाला वाटत असेल तर ते असे आले). मग खालच्या खणातली जुनी वही काढली, बावीस वर्षांपूर्वीची. त्यातल्या नऊ जणांच्या कार्यकारिणीला मी माझ्या हाताने नोटिसा लिहिल्या, पाकिटं चिकटवली, पेटीत टाकली. हात सवयीने चालत होता. पाकिटं आत पडल्याचा आवाज ऐकल्यावर ध्यानात आलं, की नवांमध्ये एक मी, एक डॉक्टर, आणि बाकीचे सात वारलेत.

मला तेव्हा हसूच आलं. डॉक्टरांची नोटीस दुसऱ्याच दिवशी ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आली. उरलेल्या सातही परत येतील म्हणून मी वाट बघत होतो. आमचा पोस्टमन किती काटेकोर आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, घर नंबरातला एक आकडा चुकला तरी पाकीट परत आणून डोळे वटारतो. पण सातांतलं एकही परत आलं नाही. चौथ्या दिवशी मी त्याला अडवून विचारलं. तो म्हणाला, ती सगळी दिली. कुणाला दिली, हे विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने मान खाली घातली आणि सायकल जोरात दामटली. उतारावर ब्रेक लावणारा माणूस आहे तो.

बैठक रविवारी दुपारी चारची. लख्ख ऊन होतं, हे मुद्दाम लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल अंधारात काहीबाही दिसलं असेल. मी खोली झाडली, नऊ खुर्च्या तीन ओळींत लावल्या, हजेरीची वही उघडून ठेवली. चार वाजले, सव्वाचार वाजले, कुणी आलं नाही. येणार तरी कोण? कोरमअभावी बैठक तहकूब, एवढं एक वाक्य लिहायचं होतं, आणि नेमकं पेन चालेना. म्हणून खाली शिंपीकाकांकडे पेन मागायला गेलो. ते मशीनवर वाकून कॉलर बसवत होते. वर न बघताच म्हणाले, “आज बरेच लोक वर गेले. बरं वाटलं.”

मी विचारलं, कोण गेलं? तर त्यांना चेहरे दिसले नव्हते. मशीनवर वाकलं की दारातून फक्त पाय दिसतात. सहा-सात जण असावेत म्हणाले. एकाची काठी होती, दर दुसऱ्या पायरीवर टेकायची. भाऊजी, दर दुसऱ्या पायरीवर काठी टेकत चढणारा माणूस आपण दोघांनी एकच पाहिलाय. आपले मास्तर. तुमचा राजीनामा त्यांच्या हातात देताना तुम्ही त्यांच्याकडे बघितलं नव्हतंत आणि त्यांनी तुम्हाला चहा पाजून पाठवलं होतं. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात वर्षभर मी त्यांचा हात धरून बसलोय. ते जाऊन यंदा बारा वर्षं झाली.

मी वर गेलो. (का गेलो म्हणाल तर चष्मा वर राहिला होता.) खोलीत कुणी नव्हतं. पण खुर्च्या ओळींत नव्हत्या, गोल मांडलेल्या होत्या. कुणाला कुणाची पाठ दिसू नये म्हणून मास्तर नेहमी गोल मांडायला लावायचे. हजेरीच्या वहीत सात सह्या. छापखानेवाल्या काकांची सही ओळ सोडून खाली घसरलेली, नर्सबाईंची बारीक मोत्यांसारखी, आणि सगळ्यांत वर मास्तरांची, खाली दोन टिंबं दिलेली. मी अंगठा फिरवला तर शाई अंगठ्याला लागली. माझ्या पेनाने ती उमटली म्हणावी, तर ते पेन चालत नव्हतं.

आता मी पळालो असतो तर आज तुम्हाला एक सरळ पत्र गेलं असतं. पण कोरम पाच जणांचा आणि हजेरी सातांची. कोरम भरलेला असताना चिटणीस बैठक सोडून गेला, असं आमच्या पक्षात कधी झालेलं नाही. मी माझ्या खुर्चीत बसलो आणि विषयपत्रिका वाचायला घेतली. पहिलाच विषय निघाला मागील बैठकीनंतर दिवंगत झालेल्या सभासदांना श्रद्धांजली. तुमच्यापासून काय लपवू, आयुष्यात इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं. ज्यांची त्यांची नावं त्यांच्या त्यांच्या खुर्चीकडे न बघता कशीबशी वाचली, आणि दोन मिनिटं उभं राहण्याची विनंती केली. मी उठलो. माझ्याबरोबर बाकीच्या सात खुर्च्या करकरल्या. डॉक्टरांची तेवढी गप्प राहिली. दोन मिनिटं संपल्यावर त्या सात पुन्हा करकरल्या.

दुसरा विषय कारणमीमांसा. कुणी काही बोललं नाही. एकतीस वर्षांत कारणमीमांसेत भांडण न झालेली ही पहिली बैठक. मानेवर गार वारं बसल्यासारखं होत होतं, खिडकीतून तर गरम झळा येत होत्या. तरी एक खरं सांगतो. भीती होतीच, पण तिच्याखाली कुठेतरी मला फार बरं वाटत होतं. निकालापासून मी रिकाम्या खोलीत दारावरच्या पिशव्या सोडवत बसलो होतो. आता खोली भरलेली होती, आणि त्यातलं कुणी गॅलरीत जाणार नव्हतं.

तिसरा विषय, अध्यक्षपदाची रिक्त जागा. नावं सुचवावीत असं म्हणून मी थांबलो. काही हललं नाही. मग खिडकी लावायला उठलो, कडी घातली, मागे वळलो, तर इतिवृत्ताच्या वहीत चार ओळी लिहिलेल्या. मास्तरांचं अक्षर. अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवण्यात आलं, छापखानेवाल्यांनी अनुमोदन दिलं, एकमताने मंजूर. नवीन अध्यक्षांनी पुढील बैठकीत कार्यभार स्वीकारावा. आणि शेवटची ओळ, जशीच्या तशी उतरवतो: पुढील बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजता, आमच्याकडे.

मी मोठ्याने म्हणालो, “मास्तर, मला जरा वेळ द्या.” दाराजवळ काठी एकदा टेकली. मग जिन्यात, दर दुसऱ्या पायरीवर, टेकत टेकत खाली गेली. खाली शिंपीकाकांचं मशीन क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

घरी येऊन हिला वही दाखवली. हिने शांतपणे वाचून मला सांगितलं, “अक्षर तुमचंच आहे. मास्तर अंथरुणाला खिळले तेव्हा वर्षभर त्यांच्या सह्या तुम्हीच करत होतात, दोन टिंबांसकट. एकटेपणाने डोकं फिरलंय, चार दिवस ताईंकडे जाऊन या.” मला ते पटलंही. खरंच सांगतो, त्या रात्री मला गाढ झोप लागली. (त्याच चार दिवसांत तुमचा सत्कार होता, आणि निघायची बॅगही भरली होती.) पण निघायच्या दिवशी सकाळी पोस्टमनने एक पाकीट दाराच्या फटीतून आत सरकवलं, घंटी न वाजवता. आत बैठकीची रीतसर नोटीस होती, माझ्या नावाने, तारीख आणि वेळ तीच. ‘स्थळ’ या शब्दापुढे पत्ता नव्हता. फक्त ‘माहीत आहे’ एवढंच लिहिलं होतं. हिने ती दोनदा वाचली, घडी घातली, आणि म्हणाली, “या बैठकीला तुम्ही जायचं नाही.” लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पक्षाच्या बैठकीला जाऊ नका असं ती पहिल्यांदा म्हणाली. तेव्हापासून दुपारी चार वाजले की ती कामं टाकून माझ्याजवळ येऊन बसते.

भाऊजी, तुम्ही पक्ष सोडलात तेव्हा मी तुमच्याशी तीन वर्षं बोललो नव्हतो. ताईच्या घरी येऊन तिच्याशी बोलायचो आणि तुम्हाला ऐकू जाईल असं बोलायचो. त्याची मला आज लाज वाटत नाही. निष्ठा ही एकच गोष्ट माझ्याजवळ आहे. वारं फिरलं म्हणून फिरणाऱ्यांतला मी नाही, आणि मास्तरांनी ज्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली ती मी कुणाला देणार नाही, हे तुम्ही तुमच्या नेत्यांना खुशाल सांगा. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. आमची घटना मी पुन्हा नीट वाचली. दुसऱ्या कुठल्याही पक्षाचा सभासद असलेल्या माणसाला आमच्यात अध्यक्षपद घेता येत नाही, असं एक कलम आहे, मास्तरांनीच घातलेलं. ते स्वतः कलम मोडणार नाहीत. तरी कृपा करून तुमच्या पक्षाचं प्राथमिक सभासदत्व मला पहिल्या रविवारच्या आत मिळवून द्यावं. दोन फोटो सोबत जोडलेत. कार्डावर तारीख निकालाच्या आधीची टाकता आली तर फार बरं.

ता. क. २. ती तारीख तितकीशी खोटीही ठरणार नाही. या वेळी मी मत तुम्हालाच दिलं. हिला माहीत नाही. मास्तरांना माहीत असावं असं वाटतं, आणि तरी त्यांनी माझंच नाव सुचवलं, याचीच मला जास्त भीती वाटते.

ता. क. ३. फॉर्मवर माझ्या वतीने सही करण्यापूर्वी एवढं बघून घ्या, की सभासद वारल्यावर त्याचं सभासदत्व आपोआप संपतं, असं कलम तुमच्या घटनेत आहे ना? आमच्यात ते घालायचं राहून गेलं. आणि तुमचा पक्ष तर आमच्यापेक्षा कितीतरी मोठा.