उणे बारा मिलिसेकंद

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

आजपासून मी साउंड इंजिनिअर रूपा! चितेगावहून बस, क्रांती चौकातून रिक्षा आणि मुकुंदवाडी स्टेशनामागे दुसरा मजला. निघताना आईने ही दोनशेपानी वही हातात ठेवली आणि रोज काय शिकलीस ते लिही म्हणाली. घ्या, लिहिते.

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. एकीत गाणारा, दुसरीत मी, मध्ये जाड काच. मालक कारभारीकाका पूर्वी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचे. आता बीपीच्या गोळ्या आणि गुळाचा चहा यांवर चालतात. पहिलंच काम मोठं आहे: दगडाबाईंची आठ भीमगीतं दसऱ्याच्या आत करायची. बाई बहात्तर वर्षांच्या, लवकर दम लागतो. आवाज शाबूत आहे तोवर गाणी जपून ठेवायची, एवढीच त्यांची इच्छा.

काकांनी एकच गोष्ट बजावली. जुन्या साउंड कार्डाचा ड्रायव्हर काढायचा नाही, आधीचा इंजिनिअर शिवराज तसं सांगून गेलाय. शिवराजबद्दल विचारलं तर ते चहा ओतायला लागले.

मंगळवार, २३ सप्टेंबर

दिवसभर डोक्याचं भरीत. नवं साउंड कार्ड लावलं की सॉफ्टवेअर म्हणतं, सापडत नाही. जुनं लावलं की आवाज तडतडतो. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्यातला दुभाषा; इथे दोन दुभाषे एकाच माइकसाठी भांडतायत. जुना काढला असता तर पाच मिनिटांत मिटलं असतं. पण शब्द दिलाय. मग शक्कल लढवली: एक तिसरा ड्रायव्हर घातला आणि दोघांना त्याच्याखाली एकत्र बांधलं. काढला तर नाही ना!

आवाज आला. फक्त तडतड अधूनमधून राहिली, आणि लेटन्सी उणे बारा मिलिसेकंद दिसते. माइकमधला आवाज हेडफोनात पोचायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. तो उणे कसा असेल? आकडा चुकीचा दाखवतंय. उद्या बघू.

बुधवार, २४ सप्टेंबर

दगडाबाई आल्या. हेडफोन पाहून म्हणाल्या, "ह्ये कानाला लावून मला माझंच गाणं ऐकवती व्हय? लई गंमत हाय बाई." आधी माइकला जय भीम घातला, मग गायल्या. माझ्या अंगावर काटा आला, इतका तो आवाज खरा होता. शेवटची ओळ अशी:

दगडा म्हणे, वही दे गं लेकीच्या हाती.

त्यांच्या मंडळात शेवटच्या ओळीत रचणारीचं नाव येतं. मात्र कुणाच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या कार्यक्रमाला गायचं असेल, तर तिथे आपलं नाव घालायचं नाही, गेलेल्या माणसाचं घालायचं. निघताना माझ्या वहीकडे बघून हसल्या आणि "लिव्हत ऱ्हा" म्हणाल्या.

एक विचित्र झालं. गाणं चालू असताना हेडफोनात रेल्वेचा भोंगा वाजला. टेक वाया गेला म्हणून मी हेडफोन काढला, तर बाहेर शांत. मनात दहा मोजले असतील, आणि गाडी आली. तोच भोंगा, तसाच शेवटी तुटलेला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

लेटन्सी वाढतेय, आज उणे चार मिनिटं. मिलिसेकंद नाही, मिनिटं.

रिकाम्या खोलीचा माइक चालू ठेवून ऐकत बसले. कानात काकांचा आवाज आला, "रूपा, गूळ संपला का गं?" वळून बघितलं, कुणी नव्हतं. घड्याळ लावलं. बरोबर चार मिनिटांनी काका आत आले आणि तेच विचारलं. मी हो म्हणाले आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

काकांना सगळं सांगितलं. ते मटकन खुर्चीत बसले. शिवराजनेही असंच दोन्ही कार्डांना एकत्र बांधलं होतं म्हणे. मग तीन दिवस जेवायलाही उठला नाही. एका दुपारी याच खुर्चीत, कानाला हेडफोन लावलेला सापडला. डॉक्टर म्हणाले हृदय. वय सत्तावीस. काकांनी त्याची वही दाखवली. शेवटचं वाक्य अर्धंच आहे.

मग आधी का नाही सांगितलं, असं मी ओरडले. काका खाली बघून म्हणाले, "येडं म्हनतील म्हून नाय सांगितलं, पोरी."

तिसरा ड्रायव्हर काढला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर तो परत तिथेच. माइकची वायर उपसली. पडद्यावरची, आवाज आला की हलणारी हिरवी पट्टी हलतच राहिली.

शनिवार, २७ सप्टेंबर

लेटन्सी उणे सहा दिवस. यायलाच नको होतं. आले.

कानात दगडाबाई होत्या. तेच गाणं, पण चाल संथ, आणि मध्येच हुंदका. मागे बायका रडत होत्या. कुणीतरी पंचशील म्हणत होतं. हे पुण्यानुमोदनाचं गाणं आहे. शेवटची ओळ आली आणि नेमकी नावावर तडतड.

"—— म्हणे, वही दे गं लेकीच्या हाती."

सहा दिवसांच्या आत कुणीतरी जाणार आहे. दगडाबाई ज्याच्यासाठी रडतील असं कुणीतरी. काका? बाईंची सून गोजरबाई? तिला तर सातवा महिना आहे. नाव कळलं तर वाचवता येईल. त्यासाठी तडतड घालवायला हवी. म्हणजे ड्रायव्हरचं भांडण मिटवायला हवं. ते तर माझंच काम आहे.

रविवार, २८ सप्टेंबर

बफर, म्हणजे आवाज क्षणभर साठवायची जागा, वाढवला. तडतड थोडी कमी. नाव दोन अक्षरी वाटतं. काकांना जबरदस्तीने दवाखान्यात पाठवलं, बीपी ठीक निघालं. गोजरबाईला फोन केला, तीही बरी आहे. फोनवरच दगडाबाई रागावल्या: "जेवली का तू? आवाज कसा झालाय तुझा."

जेवले नव्हते.

सोमवार, २९ सप्टेंबर

काका म्हणाले ऊठ तिथून, घरी जा, खड्ड्यात गेलं रेकॉर्डिंग. त्यांचे डोळे भरले होते. आज एवढंच करते, मी म्हणाले. आईचे चार फोन. उचलले नाहीत. भीती वाटतेय, आणि उठवतही नाही. अजून एक सेटिंग राहिलंय —

मंगळवार, ३० सप्टेंबर, दुपारी पावणेदोन

सापडलं. दोन्ही कार्डांची घड्याळं वेगळी चालत होती. एक केली. तडतड गेली. आवाज अगदी स्वच्छ.

"रूपा म्हणे, वही दे गं लेकीच्या हाती."

मागे रडणारी एक बाई ओळखीची. आई.

हेडफोन काढला. आवाज स्पीकरमधून येतोय. स्पीकर बंद. तरी येतोय. आकडा उतरायला लागला. तीन दिवस. एक दिवस. तास.

काकांना हाका मारल्या. खोली साउंडप्रूफ. पाय उठत नाहीत. छातीत कुणीतरी मूठ आवळतंय. आई, फोन उचलायला हवा होता गं —

उणे एक मिनिट.

आता गाणं नाही. कागदावर पेन घासल्याचा आवाज. मी लिहितेय तो. नाही, मी लिहिणार आहे तो —

उणे वीस सेकंद.

पेन थांबलं. कानात थांबलं. काहीतरी खाली पडलं. मी अजून लिहितेय. लिहीत राहिले तर थांबणार नाही ना, दगडाबाई म्हणाल्या होत्या लिव्हत ऱ्हा, मी लिहितेय, मी लिहिते