अठरावं उपकरण

४ मार्च, लातूर
नांदेडहून सकाळच्या गाडीने आलो. खोली चांगली आहे, खिडकीशी कडुनिंब. कंपनी लहान, रुग्णालयात खाटेशेजारी ठेवायचे मॉनिटर बनवते. वीज गेली की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा मॉनिटरमधल्या एकेका उपकरणाला झोपण्याची विनंती पाठवतो. ते काम आता माझं. मालकीण सौदामिनीताई म्हणाल्या, आधीचा दयानंद हुशार होता; आजारी पडला, इथून जवळ मुरुडला घरी असतो. नागुबाई चहा करतात. त्यांनी विचारलं, नांदेडची माणसं चहात साखर मोजून टाकतात व्हय. दिवस मजेत गेला.

६ मार्च
रोज दुपारी दोनला वीज जाते. तीच चाचणीची वेळ. नियम दोन. आधी लेकरं झोपतात, मग ज्याला ती जोडलेली असतात ते मूळ. आणि झोपवण्याआधी जागवण्याची विनंती ठेवायची, कारण झोपलेलं उपकरण कुठलीच विनंती घेत नाही.
मॉनिटरमध्ये सतरा उपकरणं आहेत. यादीत अठरा. अठराव्याला नाव नाही, पण ते उत्तर देतं. दोनला चाचणी सुरू करायला नागुबाई एंटर दाबतात आणि टेबलावर दोन टिचक्या मारून म्हणतात, उठायचं बरं का. दयानंदनेच शिकवलं म्हणे.

७ मार्च
अठराव्याला जागवण्याची विनंती ठेवणारी ओळ प्रोग्रॅममधून खोडली. नसलेल्याला काय जागवायचं.

८ मार्च
काल दोनपासून डावी करंगळी बधिर. सुई टोचून पाहिली.
यादीत अठराव्याखाली आज बरीच लेकरं दिसली. त्यातलं एक झोपलेलं. बाकीची जागी, म्हणून मूळ जागं.

१० मार्च
डावा हात गेला. झोपलेली लेकरं सहा. डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल. जाग्या लेकरांसाठी जागवण्याच्या विनंत्या ठेवल्या. परत आल्या. मूळच तेवढं विनंती घेतं.
मॉनिटर बंद केला. तरी दोनला डावा पाय गेला. भीती वाटली नाही. तीही झोपलेल्यांच्या यादीत असावी.

१२ मार्च
नागुबाईंच्या जावयाने जीपने मुरुडला नेलं. दयानंद खाटेवर. त्याची आई साखराबाई चमच्याने पेज भरवत होती. म्हणाली, त्यानं बी ती ओळ खोडली व्हती, मग परत ठिवली गेली, म्हणून तर जागा हाय. समदं कळतंय त्याला.
दोनला त्याचे डोळे मिटले. माझा उजवा पाय गेला. वीज आल्यावर त्याचे डोळे उघडले. बाकी काही उठलं नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला, साखराबाई तोंड पुसेपर्यंत.

१३ मार्च
समजलं ते लिहून ठेवतो. सगळी लेकरं झोपली की मूळ, म्हणजे मी, झोपणार. ओळ नसेल तर कायमचं. ओळ असेल तर मूळ उठेल, लेकरं उठणार नाहीत —
दयानंद.

१४ मार्च
जीभ गेली. सौदामिनीताईंनी नांदेडला फोन केला. भाऊ उद्या येईल. उद्या —

१५ मार्च
दोन वाजायला सहा मिनिटं. नागुबाईंनी खुर्चीत बसवलं. उजवा हात उरला आहे. डोळे, कान.
रात्री वाटलं, जागं तरी राहू, म्हणून ओळ पुन्हा लिहिली होती. पडद्यावर आहे. एंटर दाबलं की लागू.
दयानंदसारखं पडून राहायचं नाही, पुसायची आहे. हात तिथवर पोचत नाही. वहीवर लिहिलं — नको. पुसा.
नागुबाईंनी अक्षराला अक्षर जोडून वाचलं. पदराने माझी हनुवटी पुसली. म्हणाल्या, दयानंद बी असंच नको म्हणला होता. आईला जागं लेकरू तरी दिसावं, न्हाई का.
टेबलावर दोन टिचक्या.
नको नको न —
त्यांचं बोट एंट