कादवेकाठचा आराम

साजगाव,
ता. ११ मार्च २०२५

चि. सौ. सुप्रियास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी अर्ध्यावरच तापतो, म्हणून लिहितो. आम्ही दोघं सुखरूप पोचलो. दिलेली द्राक्षं तुझ्या वहिनीने शेजारी वाटली. मी एकही खाल्लं नाही, हे लक्षात ठेव.

दुकानात वर्षभर पंपाच्या मोटारी रिवाइंड करतोस, एक दिवस आमच्या कादवेकाठी नुसता बस, असं तूच म्हणालीस. मी बसलो. झाडाखाली खुर्ची, पाण्यात पाय. पण काठावरचा तुमचा पंप असा खडखडत होता की बसवेना. कुणी न शिकवता, नुसतं बघून मी हे काम शिकलोय. बेअरिंग गेलं की मला आवाजावरून कळतं. सदरा काढला आणि पंप खोलला.

तेवढ्यात मुंबईहून वाईन चाखायला आलेल्या तुमच्या पाहुण्यांपैकी एक बाई आली आणि म्हणाली, "मिस्त्री, बाथरूमला पाणी नाही, तेवढं बघता का?" मिस्त्री कोण म्हणालं, असं मी विचारलं. तिने तुम्ही नवराबायको उभे होतात तिकडे हात केला.

किरणरावांना मेव्हणा सांगायची लाज वाटते, तर ठीक. मे महिन्यात रियाचं लग्न आहे. अंतरपाट धरतात तेव्हा मुलीच्या मागे मामा उभा राहतो, मिस्त्री नाही. किरणरावांनी माझ्या दारात येऊन चूक कबूल केली तरच मी येईन.

लोभ सध्या आहे तेवढाच असू दे.

संतोषदादा


दिंडोरी,
ता. १६ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. यांना दाखवलं नाही. दाखवण्यासारखं त्यात काय होतं?

तुला पंप खोलायला सांगितलं कोणी? यांनी दोनदा जेवायला बोलावलं, तू मान वर न करता हातानेच थांबा म्हणालास. टाकी रिकामी झाली, घरभर पाहुणे, आणि संडासात थेंब नाही. बरं, बेअरिंग धडधाकट होतं रे दादा. दुसऱ्या दिवशी यांनी पाइप ओढून पाहिला. नदी उतरली होती, पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर उघडा पडून हवा ओढत होता. तुमच्या पाताळगंगेला पॉवरहाउसचं पाणी बारा महिने. आमची कादवा धरणातून आवर्तन सुटलं तरच वाहते. घोट्याएवढं पाणी तू स्वतःच्या पायांनी मोजलंस, तरी तुला कळलं नाही.

आता दुसरं. तुला मिस्त्री हे म्हणाले नाहीत. मी म्हणाले. तू अर्ध्या चड्डीत, कोपरापर्यंत ग्रीस, आणि त्या लोकांच्या ग्लासांकडे बघत मोठ्याने चाललं होतं, "काय हाय त्या पान्यात? आमी नाय पीत असलं." बाईने विचारलं हे कोण, आणि माझ्या तोंडून गेलं. पाहुणे गेल्यावर यांनी मला त्यावरून इतकं सुनावलं की मी जेवले नाही. माझं चुकलंच. पण त्या दिवशी चुकणारी मी एकटी नव्हते, आणि तुझ्या दारात येऊन कबूल करण्यासारखं यांनी काही केलेलं नाही.

रियाला सांगितलं, मामा येणार नाही म्हणतो. ती एवढंच म्हणाली, मग मागे दुसरं कोणी उभं करायचं नाही, जागा रिकामी ठेवा. हा हट्ट तिने कोणाकडून घेतलाय, ते तूच बघ.

वहिनीस नमस्कार. लोभ वाढवायचा की तोडायचा, तू थोरला आहेस, तूच ठरव.

सुप्रिया


साजगाव,
ता. २२ मार्च २०२५

चि. सौ. सुप्रियास आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीनेही वाचलं. ती हसली, म्हणून घरात बोलणं बंद आहे.

फूटव्हॉल्व्ह मी पाहिला नाही, हे खरं. आमच्याकडे नदी उतरत नाही, पण तपासायला हवं होतं. किरणरावांना वेगळ्या पाकिटात माफी लिहिली आहे. ते पाकीट तू फोडायचं नाहीस.

तुझं मात्र वेगळं. किरणराव म्हणाले असते तर चार दिवसांत विसरलो असतो. तू म्हणालीस. बाबा गेल्यावर सातवीत मी शाळा सोडून वर्कशॉपला लागलो, ते तुझी शाळा सुटू नये म्हणून. हे आजवर तोंडातून काढलं नव्हतं. आज रागात काढलं, तेव्हा त्याचे उपकार मानू नकोस आणि रडतबिडत फोनही करू नकोस. राग गेलेला नाही.

पण रियाच्या मागची जागा रिकामी ठेवायची नाही. मी येईन आणि उभा राहीन. फक्त एक. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, अशी हाक भटजी देतात. ती हाक भटजींनी द्यायची नाही. तू द्यायची, माइकवरून, माझ्या नावानिशी. आणि मुंबईच्या त्या बाईला पत्रिका पाठव.

रियाला खूप खूप आशीर्वाद. लोभाचं मे महिन्यात बघू.

संतोषदादा