मास्तरांचा जोडफोटो मी करणार नाही

मी, आलाबा ओगुनशिना, वय तेवीस, धंदा फिरता फोटोग्राफर, राहणार इता-ओसान, दाहोमे (राहतो कमी, फिरतो जास्त), पूर्ण शुद्धीत आणि सकाळची पेज पोटभर पिऊन लिहितो. माझ्यावर दबाव आहे, पण तो दुसऱ्याच कागदासाठी. उद्या शनिवारी सूर्य मावळेपर्यंत मी लष्कराच्या छावणीतून परतलो नाही, तर हे बाजारात मोठ्याने वाचावं.

एक. सायकल आजीची. तिला चालवता येत नाही, पण ओजोकाकाला मिळता कामा नये. मी लागोसला पळालो तेव्हा काका गावभर सांगत होता, "पोरगं वाया गेलं." परत आलो तर पहिला फुकट फोटो त्यानेच काढून घेतला. त्यात तो राष्ट्राध्यक्षासारखा दिसतो. त्यावरून आठवलं, स्वातंत्र्याला आठ वर्षंही झाली नाहीत, आणि दुकानदारांना भिंतीवरचा साहेब मी इतक्यांदा बदलून दिला की आता ते खिळाच सैल ठेवतात. रेडिओवर बँड वाजला की समजायचं, नवे लष्करी साहेब आले, "थोड्या दिवसांपुरते".

दोन. विमान रंगवलेला पडदा आणि गिऱ्हाइकांना घालायला देतो तो काळा कोट गावाचा. ज्याचं लग्न त्याने न्यावा. अस्तर फाटलंय, फोटोत दिसत नाही.

तीन. कॅमेरा बहीण फोलाकेला. जोडफोटो तिलाही येतो. आम्हा नागो लोकांमध्ये जुळ्यांतलं एक गेलं, की आई उरलेल्याला घेऊन येते. कागद अर्धा झाकून त्याचा एक फोटो छापायचा, मग उरलेल्या अर्ध्यावर त्याचाच दुसरा, गेलेल्याच्या जागी. दोघं शेजारी बसतात. ही विद्या फोलाकेने आयांसाठीच वापरावी. कारण सांगतो.

फेलिक्स आदेकाम्बी मास्तर, शिक्षकांच्या संपाचे पुढारी, मला अक्षर ओळखायला लावणारे, यांना शिपायांनी तीन आठवड्यांपूर्वी नेलं. रेडिओ म्हणतो, ते लष्कराला जाऊन मिळाले. मंगळवारी छावणीतल्या कॅप्टन साग्बोंनी मला बोलावलं.

"तुझ्याकडे मास्तरच्या फोटोची जुनी निगेटिव्ह काच आहे ना? त्याला माझ्याशेजारी बसव. हसरा."

"साहेब, मास्तरांनाच बोलवा की. कोट मी देतो."

"तो आता बसू शकत नाही."

"आजारी आहेत?"

"फोटोग्राफर आहेस की डॉक्टर? शनिवारी फोटो हवा."

मी म्हटलं, "साहेब, आमच्यात मेलेल्या माणसाशेजारी फोटोत बसला तो त्याचा जुळा. जन्मभर त्याच्या नावाचा घास काढावा लागतो. जमेल?"

दारातला शिपाई फिसकन हसला. कॅप्टन हसले नाहीत. पण "मेला कोण म्हणतो?" असंही त्यांनी विचारलं नाही. तिथंच मला कळलं.

आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "दे की फोटो, मेल्या! फोटोनं कोण मरतं?"

"मरत नाही गं. फोटोनं मास्तर जिवंत होतील. मग संप मोडेल, आणि त्यांच्या घरी वहिनी दारात वाट बघत म्हाताऱ्या होतील."

तिने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "मग उद्या नीट जेवून जा."

चार. मास्तरांची काच मी फोडली, दुसऱ्या कोणाला वापरता येऊ नये म्हणून. आधी एक प्रत काढून त्यांच्या पत्नी सिदोनीवहिनींना दिली. त्यात मास्तर एकटे आहेत. उद्या कॅप्टनसाहेबांना मी काढलेला त्यांचा स्वतःचाच एकट्याचा फोटो देणार. शेजारची खुर्ची रिकामी.

पाच. सर्वांना कळावं: मास्तर छावणीत वारले. ते कोणालाही जाऊन मिळालेले नाहीत. जोडफोटो कोणी दाखवलाच, तर तो माझ्या हातचा नाही. संप चालू ठेवावा.

इता-ओसान, शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९६८.
सही: आलाबा ओगुनशिना

साक्षीदार १: राफियू, शिंपी. ("माझं नाव बारीक अक्षरात लिही," म्हणाला, पण सही ठळक केली.)

साक्षीदार २: सिदोनी आदेकाम्बी. नावापुढे मी "फेलिक्स आदेकाम्बी यांची पत्नी" लिहिलं होतं. वहिनींनी सगळं वाचलं, पेन मागून घेतलं, "पत्नी" खोडून स्वतःच्या हाताने "विधवा" लिहिलं, आणि सही केली.